तोलाराची नातवंडं आणि बेळगावचा पाळणा

थांबा, आधी हे ऐका. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला आज दुसरं काही सुचणार नाही.

सकाळी बाहेर पडले तर समोरनं एक ट्रक गेला. त्यात लोखंडी पाळणे, निळे-पिवळे रंगवलेले, एकावर एक रचलेले. मागं चाकाचे लांबच्या लांब दांडे बाहेर आलेले, टोकाला लाल फडकं बांधलेलं. म्हणजे बेळगावात परत पाळण्यांचं प्रदर्शन येणार! मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत बसले. मागनं एक सायकलवाला ओरडला, "ओ बाई, ट्रकात बसून जायचंय काय?" मी बाजूला झाले. पण मनानं मी ट्रकात बसलेच, आणि थेट आमच्या निपाणीच्या घरात जाऊन उतरले, त्या मे महिन्यात.

तेव्हा माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालती आणि डोक्यात एकच भूत होतं, टायपिंग. माझी थोरली बहीण बेळगावाजवळ पिरनवाडीला दिलेली. आक्काच्या घरी राहायचं, रोज बेळगावात क्लासला जायचं आणि पुढं एखाद्या ऑफिसात लागायचं. एवढं साधं. पण आमचे आप्पा!

आप्पांची ओळख करून देते, कारण सगळं त्यांच्याभोवतीच आहे. आप्पा तंबाखूच्या वखारीत तोलार होते. वखारीत आढ्याला मोठा तराजू टांगलेला, साखळ्यांना दोन लाकडी पारडी. एका पारड्यात तंबाखूचा बोद, म्हणजे माणसाएवढं पोतं, आणि दुसऱ्यात वजनं. काटा मधोमध येऊन पूर्ण थांबल्याशिवाय आप्पा तोंडातनं आकडा काढायचे नाहीत. शेतकरी घाई करू दे, मालक घाई करू दे. आणि दिवा लागला की तोल बंद. "दिव्यावर काटा बघायचा न्हाई," म्हणायचे, "दिव्यात सावली हलती, सावली हलली की माणूस आपल्याला पायजे तसं बघतंय." त्यामुळं आमच्या घराचं घड्याळ म्हणजे दिवेलागण. आईनं देवापुढं दिवा लावला की दिवस संपला, बाहेरची कामं संपली, बाहेर असलेलं माणूस चुकलं.

टायपिंगचं मी दहादा काढलं. दहाही वेळा एकच उत्तर. "तुला गर्दी बघितली की काय सुचत न्हाई. बेळगावात हरवलीस तर आक्कानं काय करायचं?"

त्याच सुमाराला गल्लीतल्या कुणाच्या तरी पोरांनी बेळगावचा आकाशपाळणा बघून आल्याची बातमी आणली आणि आमच्या घरात दंगा सुरू झाला. माझा भाऊ ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. त्याची तीन पोरं. थोरली सात वर्षांची, मधला पाचाचा, आणि धाकटी तिनाची. ही तिसरी म्हणजे नुसती आग. तिघं दिवसभर एकच, "आज्जा, पाळणा! आज्जा, पाळणा!" जेवताना पण. शेवटी आप्पांनी ताट सरकवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तू घेऊन जा."

"मी?"

"सकाळच्या गाडीनं जायचं, दिवेलागणीच्या आत घरात. एकबी पोरगं हरवलं न्हाई पायजे, पडलं न्हाई पायजे आणि रडत घरात आलं न्हाई पायजे. जमलं तर टायपिंगचं बोलू. न्हाई जमलं तर परत त्याचं नाव काढायचं न्हाई."

आई म्हणाली, "अवो, तीन पोरं एकटीला कशी आवरतील?"

"सूनबाई जाईल संगं. पण तिनं नुसतं बघायचं. काय करायचं ते हिनं ठरवायचं. सूनबाई, तोंड उघडायचं न्हाई, कळलं?"

वहिनींनी मान हलवली. वहिनी जांबोटीच्या, रानातल्या. नंतर भांडी घासताना मला म्हणतात कशा, "वन्सं, मला बरंच झालं बघा. पोरांनी काय मागितलं तर मी आपली मुकी."

मग मी लागले कामाला. अशी लागले, अशी लागले की विचारू नका. गाड्या कधी जातात, कधी येतात ते स्टँडवर जाऊन विचारून आले. परतीची साडेचारची गाडी पकडली की दिवेलागणीच्या आत घर, त्याच्यानंतरची पकडली की संपलं. म्हणजे पाळण्याला दुपार मिळणार. बास की! जायचं, बसायचं, उतरायचं, यायचं. तिघांना एकाच कापडाचे लाल झगे-सदरे, गर्दीत लांबनं दिसावेत म्हणून. डब्यात धपाटी आणि शेंगाची चटणी, बाहेरचं काही नाही. बर्फाचा गोळा दिसला तर सगळ्यांनी उजवीकडं बघायचं, हे पण पाठ करून घेतलं. (मधल्यानं विचारलं, "आत्ती, गोळा उजवीकडंच असला तर?")

पण खरी अडचण वेगळी होती. पाळणा वर जाताना पोटात गोळा येतो, हे गल्लीतल्या पोरांनी सांगितलेलं. धाकटी घाबरली आणि रडली, किंवा मधला उठून उभा राहिला, तर काय? म्हणून मी ठरवलं की सराव करायचा. आणि निपाणीत सराव करायला पाळणा कुठला? एकच. वखारीतला तराजू.

रविवारी वखार बंद. आप्पा झाडलोट बघायला जायचे, मी पोरांना घेऊन मागनं गेले. थोरलीला आणि मधल्याला एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात एकेक वजन ठेवत गेले. पारडं हळूच जमिनीवरनं सुटलं. पोरं किंचाळली आणि साखळ्या हलल्याबरोबर वरनं तंबाखूची भुकटी पडली. एक शिंकलं, मग दुसरं शिंकलं, शिंकेनं पारडं हललं, हललं म्हणून परत भुकटी!

"काय चाललंय हे?" आप्पा दारात.

मी म्हटलं आता संपलं. तराजूला कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मी कसंबसं सांगितलं, "पाळण्याचा सराव."

आप्पा जवळ आले. दांडीकडं बघितलं, साखळ्या हातानं धरून थांबवल्या. मला वाटलं खाली उतरवतील. तर म्हणाले, "पाय आत घे. साखळी धर. इकडं-तिकडं बघायचं न्हाई, समोर बघ. हललं की काटा हलतो. जो हलला तो उतरला."

आणि काय सांगू! जो हलला तो उतरला म्हटल्यावर पोरं अशी बसली की बाहुल्या. मग मी धाकटीला मांडीवर घेऊन बसले. पारडं वर गेलं तशी तिनं तोंड वेंगाडलं. आप्पा म्हणाले, "रडलं की अंग हलतंय." तिनं रडू गिळलं. खरंच गिळलं, मी गळ्याची हालचाल बघितली! रविवारनंतर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचा सराव. हमाल लोक विडी ओढत बघायचे आणि चिडवायचे, "आप्पा, नातवंडांचा भाव काय काढलाय?" आप्पा म्हणायचे, "माल विकायचा न्हाई."

जायच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. संकेश्वरला धाकटी गाडीतच ओकली, पण त्याला मी फडकं आणि लिंबू आणलेलं. काकतीच्या पुढं बेळगाव दिसायला लागलं तसा मधला नाक वर करून म्हणाला, "आत्ती, हितं वास कसा येत न्हाई?" निपाणीत हवेला तंबाखूचाच वास, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. स्टँडवरनं प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत एकमेकांचे हात धरून साखळी, मी पुढं, वहिनी शेवटाला मुक्या. कुणी हरवलं नाही. मी चालत चालत मनात टाइप करत होते, खरं सांगते, बोटं आपोआप हलत होती.

मैदानात पोचलो. पाळणा होता. केवढा! मान मोडेपर्यंत वर बघितलं. आणि तो हलत नव्हता.

काहीच हलत नव्हतं. लाकडी घोड्यांवर गोणपाट घातलेलं. दुकानं बंद. तिकिटाची खिडकी बंद. पाळण्याच्या सावलीत दोघं-तिघं तोंडावर टॉवेल टाकून झोपलेले. एक बनियनवाला तेवढा जागा, इंजिनाला तेल घालत होता. मी धावत गेले.

"अण्णा, पाळणा कधी सुरू?"

"एळ गंटेक, अक्का." कानडीतनं बोलला, सात वाजता. मग माझं तोंड बघून मराठीत म्हणाला, "उन्हात कोण बसतंय? लायटिंग लागल्याशिवाय पब्लिक येत न्हाई."

लायटिंग लागल्याशिवाय! दिवे लागल्यावर!

बघा, गाड्या विचारल्या, फडकं घेतलं, लिंबू घेतलं, बर्फाच्या गोळ्याचं सुद्धा ठरवलं. पण पाळणा कधी सुरू होतो हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. तोलाराच्या घरात वाढलेलं माणूस काय विचारणार? आमच्याकडं दिवा लागला की सगळं बंद होतं. जगात एखादी गोष्ट दिवा लागल्यावर सुरू होते, हे माझ्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. सात वाजता पाळणा आणि साडेचारला गाडी. पाळणा बघायचा तर टायपिंग गेलं. गाडी पकडायची तर पोरं रडत घरी, म्हणजे तरीही टायपिंग गेलं.

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी पदर तोंडावर धरला. हसत होत्या की काय होतं देव जाणे, पण बोलल्या नाहीत. मामंजींचा शब्द!

"आत्ती, हा कधी हलणार?" थोरलीनं विचारलं.

"हलणार," मी म्हटलं. काय भरवशावर म्हटलं माहीत नाही. पण म्हटलं. आणि म्हटल्यावर मला वाटलं, आता हलवायलाच पायजे.

आम्ही सावलीत डबा उघडला. बनियनवाल्याला बोलावलं. "अण्णा, धपाटं खावा." आधी नको म्हणाला, मग चटणीचा वास आला तसा येऊन बसला. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. बोलता बोलता कळलं की रोज लोक यायच्या आधी पाळण्यात वाळूची पोती घालून तो फिरवून बघतो, सगळं धड चालतंय ना म्हणून. मी लगेच पकडलं.

"कधी बघता?"

"आता थोड्या वेळानं."

"मग पोत्यांचं झालं की आमच्या पोरांना दोन फेऱ्या द्या की. आमची गाडी साडेचारला हाय."

"न्हाई जमत, अक्का. सगळे पाळणे रिकामे आणि एकात पोरं. पोरं म्हणजे उठत्यात, वाकत्यात, पाय बाहेर काढत्यात. गर्दीत माझी दोन माणसं लक्ष ठेवायला असत्यात. आता झोपल्यात."

"आमची हलत न्हाईत."

"सगळ्या आया असंच म्हणत्यात."

"मी आई न्हाई, आत्ती हाय. आणि ही तोलाराची नातवंडं हायत. तुम्ही बसवून तर बघा. एकजण हललं तरी उतरवा, मी परत तोंडातनं शब्द काढणार न्हाई."

तो हसला. पण उठला. वाळूच्या पोत्यांची फेरी करून घेतली, मग एक पाळणा खाली आणून थांबवला आणि पोरांना म्हणाला, "चढा." तिघं चढली. आणि मी काही सांगायच्या आत तिघांनी पाय आत घेतले, दांडी धरली आणि समोर बघायला लागली. त्यानं पाळणा जरासा हलवला. पोरं गप्प. जोरात हलवला. गप्प. पुढ्यात जाऊन वाकुल्या दाखवल्या, धाकटीच्या नाकाजवळ चुटकी वाजवली. धाकटीनं डोळे तेवढे फिरवले, मान नाही.

बनियनवाला मागं सरकला. "अक्का, ही पोरं हायत का वजनं?"

मला एवढं हसू आलं! पण मी पण हलले नाही.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही बसा त्यांच्यात. पण समोरच्या पाळण्यात पोत्यांबरोबर एक मोठं माणूस पायजे, तोल राहायला. कोण बसतंय?"

आणि तेव्हा, सकाळपासनं मुक्या असलेल्या वहिनी बोलल्या. "मी बसतो की!" आमच्याकडं बायका असंच बोलतात, बसतो, जातो. पदर खोचला, चपला काढून नीट ओळीत ठेवल्या, जशा देवळात ठेवतात, आणि चढून बसल्या वाळूच्या पोत्याशेजारी.

इंजिन सुरू झालं. पाळणा वर निघाला, हळू, लई हळू. गोणपाटाचे घोडे खाली गेले, झोपलेली माणसं खाली गेली, मैदानाबाहेरची झाडं खाली गेली. धाकटी माझ्या मांडीवर दगडासारखी. सगळ्यात वर गेल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं, समोर बघत, ओठ न हलवता, "आत्ती, आता हलू?"

"आता हल," मी म्हटलं.

मग जी काय हसली आहेत तिघं! बनियनवाल्यानं दोनाच्या चार फेऱ्या केल्या. वहिनी वर असल्या की आम्ही खाली, आम्ही वर असलो की त्या खाली, आणि प्रत्येक वेळी मधोमध एकमेकींच्या समोर यायचो तेव्हा त्या लांबनं ओरडायच्या, "वन्सं, डोंगर दिसत्यात! जांबोटीकडचं डोंगर!" उतरल्यावर म्हणाल्या, "माहेरला जायचं म्हणजे आमच्याकडं गाडीची वाट बघून मुळं फुटत्यात. आज फुकट दिसलं."

साडेचारची गाडी आम्ही पकडली. धावत, पण पकडली. खिडकीजवळ बसून मी म्हटलं, झालं! कुणी हरवलं नाही, कुणी पडलं नाही, कुणी रडलं नाही, गाडी मिळाली. जिंकलेच मी.

आणि काकती आली तशी गाडीच्या तोंडातनं वाफ यायला लागली.

ड्रायव्हर उतरला, झाकण उघडलं, लांब उभा राहिला. पाणी आणलं, ओतलं, थांबला, परत ओतलं. मी उतरून त्याच्या मागं उभी. "किती वेळ, अण्णा?" "इंजिनाला विचारा, बाई." मी खरंच इंजिनाकडं बघितलं. पोरं रस्त्याकडंला खडे खेळत होती, खुशाल. वहिनी माझ्याकडं बघत होत्या आणि परत मुक्या झालत्या. सूर्य खाली येत होता. मी त्याला थांबवू शकत नव्हते, गाडीला चालवू शकत नव्हते. पाळण्याला हलवलं, पण हे नाही.

निपाणीत उतरलो तेव्हा स्टँडवरच्या दुकानांतनं दिवे लागलेले. चौकात दिवे. आमच्या गल्लीत शिरलो, पहिल्या घरात दिवा, दुसऱ्या घरात दिवा. प्रत्येक दिव्याला माझ्या टायपिंगचं एकेक अक्षर खोडलं जात होतं. धाकटी खांद्यावर झोपलेली, तिच्या लाल झग्यात मी तोंड खुपसलं आणि रडायला लागले. आवाज न करता, पण रडतच चालले.

आमच्या घरासमोर आलो. घरात अंधार.

सगळ्या गल्लीत उजेड आणि आमचं एकटं घर काळं. मी झपाझप पुढं झाले, काय झालं असंल? उंबऱ्यावर आप्पा बसलेले, नुसती सावली. आतनं आईचा आवाज आला, वैतागलेला, "आली का? आली एकदाची! अगं, बघ तुझ्या बापाला. दिवा लावू देईनात. काडेपेटी खिशात घालून बसल्यात. शेजारीण दोनदा विचारून गेली, घरात काय झालंय म्हणून!"

आप्पा म्हणाले, "दिवेलागण झाली न्हाई अजून."

"झाली न्हाई?" आई बाहेर आली. "गल्ली बघा की! जन्मभर कुणाच्या पारड्याला बोट लावलं न्हाईसा, आज लावलंसा व्हय?"

आप्पा उठले. पोरांकडं बघितलं, एकेकाच्या हातापायाकडं, जसा बोद आल्यावर शिवण बघतात तसं. मधला पुढं झाला आणि छाती काढून म्हणाला, "आज्जा, आम्ही हललो न्हाई! कोण पडलं न्हाई, कोण रडलं न्हाई." मग माझ्याकडं बघून त्याला आठवलं. "आत्ती रडतीया."

मी तोंड पुसलं, पण उशीर झालता. एक पोरगं रडत घरात आलं होतं, आणि ते मीच होते.

आप्पा माझ्याकडं बघत उभे राहिले. काटा थांबायची वाट बघताना असत तसे.

"आत्ती आता पोरगं न्हाई," ते म्हणाले. आणि खिशातनं काडेपेटी काढून आईच्या हातात दिली. "लाव दिवा."

आईनं दिवा लावला. वहिनी चूल पेटवायला आत गेल्या आणि तिथनं ओरडल्या, "मामंजी, आता बोलू का?" त्या रात्री त्या एकट्याच बोलल्या, डोंगर, पोती, इंजिन, आणि वन्सं कशा भांडल्या ते सगळं. आप्पा जेवता जेवता ऐकत होते. ताटावरनं उठताना मला म्हणाले, "आक्काला कळव. बिछाना हितनं घेऊन जा, तिच्याकडं जादा नसंल."

आता तुम्हाला कळलंच असंल की हे मी हातानं लिहीत नाही, टाइप करतेय, बेळगावात, ऑफिसात, साहेब जेवायला गेलेत म्हणून. इतकं भरभर करतेय की दोनदा फीत अडकली आणि बाजूची म्हणाली, "कुणाचा अर्ज आहे, एवढी घाई?" मी म्हटलं, माझ्याच घरचा.

पाळणा येतोय. धाकटी आता शाळेत जाते, परवा विचारत होती, परत जायचं का? आप्पा थकलेत, पण या वेळी त्यांनाच वर बसवायचं असं मी ठरवलंय, वाळूच्या पोत्याशेजारी नाही, माझ्या शेजारी. आणि दिवे लागल्यावर.

पण तुम्ही सांगा. तुम्हीही कधी पोरांना घेऊन असं निघाला होता का, सगळं ठरवून, आणि नेमकं मोठं तेच विचारायचं राहिलं? आणि तुम्ही उशिरा पोचलात तेव्हा तुमच्या घरी कुणी काडेपेटी खिशात घालून बसलं होतं का?